सत्तेचाळीस तोंडांचं एक मंजूर

तुम्ही लपवलंय. सरळ लिहितो, कारण वाकडं लिहायला मला कुणी शिकवलं नाही. सरळही कुणी शिकवलं नाही म्हणा, ते माझं मी शिकलो. तुम्ही लपवलंय, आणि तेही इतक्या साळसूदपणे, की विचारायला आलेल्या माणसालाच वाटावं, आपलंच डोकं कुठेतरी विसरून आलोय. सभागृहात उंच खुर्चीवर बसता ते तुम्ही, खाली बाकांवर बसता ते तुम्ही, आणि शेजारी बसून लिहून घेता तेही तुम्हीच. तिघांनाही एकत्रच विचारतोय. खाल्लं किती, बांधलं काय, हे मी विचारत नाही. मला तुमच्याकडून फक्त चार सेकंद हवेत.

आमच्या बोरिवलीच्या जुन्या मंडईत सिसिलियाचा ओटा आहे. ती गोराईची. सकाळच्या पहिल्या बोटीने खाडी ओलांडून येते, टोपलीत लाल माठ, पडवळ, वालाच्या शेंगा, आणि खाली फडक्यात बांधलेले सुके बोंबील. तिच्या आधी त्या ओट्यावर तिची सासू बसायची. माझ्या घरात गेली सव्वीस वर्षं जी भाजी शिजते ती सिसिलिया ठरवते, मी नाही आणि माझी बायको शकुही नाही. फेब्रुवारीत एका सकाळी तिच्या ओट्यावर कागद चिकटवलेला होता. मंडई पाडून वाहनतळ बांधण्याचा ठराव सभागृहात मंजूर झाला आहे. ओटेधारकांना पर्यायी जागा कुर्ल्याला मिळेल. पंधरा एप्रिलपर्यंत संमतीपत्र भरून द्यावं, नाहीतर कुर्ल्यावरचाही हक्क जाईल.

कुर्ला! गोराईहून बोट, बोटीतून उतरून बस, बसमधून उतरून गाडी, दादरला गाडी बदलायची, आणि हे सगळं डोक्यावर माठाच्या जुड्या घेऊन. तो माठ कुर्ल्याला पोचेपर्यंत सेवानिवृत्त झालेला असेल.

"शरद, मना कुर्ला ठावं पन नाय," सिसिलिया म्हणाली. "तिथं माझा माठ कोन घेनार?"

मी तो कागद घेऊन आमच्याच सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या जयंती वकीलबाईंकडे गेलो. त्यांनी चष्मा वर केला, कागद वाचला, चष्मा खाली केला. "फेरविचाराचा अर्ज करता येईल. एका सदस्याची सही लागते. पण तो सदस्य त्या दिवशी विरोधात होता, हे दिसलं पाहिजे."

"एकच?"

"एकच. विरोधात कोण कोण होतं तेवढं शोधा."

"हात्तिच्या! त्यात काय शोधायचंय? आता सगळं ऑनलाइन असतं," मी म्हणालो.

या एका वाक्याने माझा दीड महिना खाल्ला.

ऑनलाइन सगळं होतं, हे मी कबूल करतो. एकेका सदस्याची माहिती होती. जन्मतारीख, शिक्षण, रक्तगट, कितीदा हजर राहिले, किती प्रश्न विचारले. आमच्या प्रभागाचे नगरसेवक अनयदादा यांनी वर्षात अकरा प्रश्न विचारले होते, त्यातले नऊ चौकांना नावं देण्याबद्दल आणि दोन त्या नावांच्या पाट्या पडल्याबद्दल. मत कुणी कुठे दिलं, हे मात्र कुठेच दिसेना. मग सभांची इतिवृत्तं सापडली. ती कुणीतरी आडवी करून छापली होती. वाचायची तर एक तर संगणकाचा पडदा उभा करायचा, नाहीतर मान आडवी करायची. पडदा मुलीचा होता, मान माझी होती, म्हणून मी मान आडवी केली. चौथ्या दिवशी शकु मानेला बाम चोळता चोळता म्हणाली, "लोकशाही बघताय का पिसाचा कलता मनोरा?"

पण मी खोलात शिरलो होतो. सत्तेचाळीस सदस्य, दोनशे बारा ठराव. मी मुलीच्या संगणकावर तक्ता मांडला. आडवे सदस्य, उभे ठराव. मधल्या घरात मत. प्रत्येक इतिवृत्ताच्या शेवटी एकच वाक्य होतं : 'ठराव सर्वानुमते मंजूर.' दोनशे बारा वेळा सर्वानुमते. मग मी काय करणार? सर्वानुमते म्हणजे सगळ्यांच्या मताने. भरलं प्रत्येक घरात 'होय'. खाली टक्केवारी काढली. सत्तेचाळीसच्या सत्तेचाळीस जणांना शंभर टक्के. पाहून मला थोडं चुकल्यासारखं वाटलं, पण एवढा मोठा तक्ता भरल्यावर माणसाला चूक दिसत नाही, मेहनत दिसते. मी तो सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. मागे प्रश्न जोडला, 'आपले नगरसेवक शंभर टक्के ठरावांना होय कसे म्हणतात?'

ग्रुपवरचे लोक प्रश्न वाचत नाहीत. आकडे वाचतात. सहा जणांनी टाळ्या वाजवल्या, कुणीतरी फुलं पाठवली, आणि कुणीतरी तो तक्ता प्रश्न कापून पुढे ढकलला. तो कुठे गेला हे मला तिसऱ्या दिवशी कळलं, मंडईच्या तोंडावर. वीस फुटी फलक. डावीकडे हात जोडलेले अनयदादा. मध्ये लिहिलेलं, 'सभागृहातील कामगिरी शंभर टक्के! एका जागरूक नागरिकाचा निःपक्षपाती अहवाल.' आणि उजवीकडे खाली, गोलात, मी. माझा तो फोटो मेहुण्याच्या लग्नातला होता. फेट्यासकट.

फलकाच्या बरोबर खाली सिसिलिया भाजीवर पाणी मारत होती. तिने वर बघितलं, मग माझ्याकडे बघितलं.

"शंभर? शरद, माझ्या पोरानी, कीथनी, गनितात जन्मात शंभर नाय आनले. या मेल्याला तू शंभर दिलेस?"

"अगं, मी नाही दिले, ते तक्त्यात आपोआप..."

"फेटा पन आपोआप?"

त्या दिवशी तिने मला पडवळ दिलं नाही. "संपलं," म्हणाली. टोपलीत चार पडवळं माझ्याकडे बघत होती.

अपमान झालेला माणूस दोन गोष्टी करू शकतो. घरी बसू शकतो, नाहीतर अर्ज करू शकतो. घरी शकु होती. मी अर्ज केला. माहितीच्या अधिकारात विचारलं : मंडईच्या ठरावावर कोणत्या सदस्याने काय मत दिलं? सभागृहाच्या कचेरीत रुचिरा मॅडम म्हणून एक बाई होत्या, तरुण, समजूतदार. असली माणसं कचेरीत असली की राग कुणावर काढायचा हा प्रश्नच पडतो.

"काका, मत म्हणजे कोणतं मत?"

"दिलेलं मत. होय की नाही."

"ते आवाजी असतं ना. अध्यक्ष विचारतात, मंजूर? सभागृह म्हणतं, मंजूर. झालं."

"सभागृह म्हणजे कोण?"

"सभागृह म्हणजे... सभागृह." त्यांनी खरोखर विचार केला. "काका, मी तेव्हा तिथेच बसलेली असते हो लिहायला. पण आवाज कुणाचा ते वहीत कसं लिहू?"

तीन आठवड्यांनी लेखी उत्तर आलं. ते मी पाठ केलंय : 'मागितलेली माहिती अस्तित्वात नाही, सबब देता येत नाही. माहिती अस्तित्वात नसल्याचा दाखला हवा असल्यास स्वतंत्र अर्ज करावा.' मी स्वतंत्र अर्ज केला. त्यावर उत्तर आलं की दाखल्यासाठी माहितीचा तपशील जोडावा. नसलेल्या माहितीचा तपशील! मी कचेरीत जाऊन टेबलावर डोकं टेकवलं. रुचिरा मॅडमनी पाणी आणून दिलं आणि हळूच म्हणाल्या, "सभेचं ध्वनिमुद्रण मिळू शकतं. त्याला कुणी अर्जच करत नाही."

आलं ध्वनिमुद्रण. ऐकायला मी तळमजल्यावरच्या काशीरामला बोलावलं. काशीराम मालवणचा, पूर्वी गिरणीत होता, आणि भजनात पखवाज वाजवतो. चाळीस माणसांच्या कोरसात कोण बेसूर गेला हे तो पाठमोरा बसूनही सांगतो. मी, शकु, काशीराम, सिसिलिया. रविवारची दुपार. सगळे हॉलमध्ये बसलो. शकुने पोहे केले होते, जणू वधूपरीक्षाच.

आधी अनयदादांचं भाषण लागलं. आणि काय सांगू, माणूस मंडईच्या बाजूने बोलत होता! सहा मिनिटं! गरीब कोळणींच्या पाट्या, पहाटेची बोट, आयाबहिणींचे हात, सगळं. शकुने डोळे पुसले. सिसिलिया म्हणाली, "मी कोलीन नाय, पन बरं बोल्ला." मग बाकं वाजली. मग अध्यक्षांचा आवाज :

"विषय सभागृहापुढे आहे. मंजूर?"

"मंजूर!"

"मंजूर. पुढचा विषय."

चार सेकंद. घड्याळ लावून मोजले. सिसिलियाच्या सासूपासूनचा ओटा चार सेकंदांत गेला. पोह्यावर लिंबू पिळायलासुद्धा जास्त वेळ लागतो.

"परत लाव," काशीराम म्हणाला. मी परत लावलं. त्याने डोळे मिटले. "ह्यो खोकलो एकाचो. ह्यो मोबायल वाजलो. ही खुर्ची करकरली. परत लाव."

चौदा वेळा लावलं.

"अनयदादाचा आवाज आहे का त्यात?"

"आसा पण, आणि नाय पण."

"म्हणजे काय रे?"

"शरद, कोरसात माणूस तोंड हलयता. आवाज शेजाऱ्याचो असता. आमच्या भजनात निम्मे तसलेच."

मग मी ठरवलं, सरळ विचारायचं. सत्तेचाळीसपैकी त्या दिवशी एकेचाळीस हजर होते, हे हजेरीपुस्तकावरून कळलं. सगळ्यांना फोन लावले. एकोणतीस जण फोनवर भेटले. एकाने मला दुसरेच शरदराव समजून त्याच्या व्याह्यांची तब्येत सांगितली, तीही मी ऐकून घेतली. या एकोणतीस जणांची उत्तरं मी नवीन तक्त्यात भरली. एकोणीस जण म्हणाले, आम्ही विरोधातच होतो, पण सही मागू नका. सहा जण म्हणाले, आम्ही गप्प होतो. चार जण उपाहारगृहात होते आणि त्यांतल्या तिघांनी, मी न विचारता, काय खाल्लं तेही सांगितलं. 'मी मंजूर म्हणालो' असं सांगणारे : शून्य.

मी ते शून्य पुन्हा तपासलं. विरोधात एकोणीस, बाजूने शून्य, आणि ठराव सर्वानुमते मंजूर. म्हणजे जगात असा एक आवाज आहे, जो एकाही गळ्यातून निघत नाही आणि मंडई पाडतो.

"भुताटकी आहे ही!" मी ओरडलो.

"भुताटकी कसली डोंबलाची?" काशीराम म्हणाला. तो उठला, कपाटाशी गेला आणि सोसायटीची ठरावांची वही काढून माझ्यापुढे आपटली. सोसायटीचा सचिव मी आहे. अकरा वर्षं. "फणसाचो ठराव काढ."

आमच्या आवारात काशीरामने लावलेला एक फणस होता. गाड्या लावायला जागा हवी म्हणून तो तीन वर्षांपूर्वी तोडला. मी पान काढलं. माझंच वळणदार अक्षर. 'सूचक, अनुमोदक, ठराव सर्वानुमते मंजूर.'

"त्या दिवशी मी काय केल्लंय?"

मी पान उलटलं.

"सांग मरे! शकुवैनी, तुमी सांगा."

"खुर्ची उचलली होती तुम्ही," शकु खाली बघत म्हणाली.

"खुर्ची उचललंय! तुझ्याच टकलार घालूक! आणि तू काय लिवलंस? सर्वानुमते! माझी खुर्ची खय गेली रे तुझ्या वहीत?"

आता इथे मी माझी बाजू मांडायला हवी. सर्वानुमते लिहायची पद्धत आहे. माझ्या आधीचे सचिव तसंच लिहायचे, मी त्यांचं बघून शिकलो. खुर्ची उचलली, असं लिहिलं तर निबंधकाकडे काय तोंड दाखवणार? चारचौघांत भांडण झालं तरी कागदावर एकी दिसली पाहिजे, यालाच आपण संस्कृती म्हणतो. हे सगळं मी मनात म्हणालो. तोंडातून एवढंच निघालं, "चुकलं."

"चुकला तर चुकला," काशीराम म्हणाला. "फणस काय परत येवचो नाय. पण हिचो ओटो अजून उभो आसा."

म्हणून शनिवारी सकाळी सिसिलिया, काशीराम आणि मी अनयदादांच्या जनसंपर्क कार्यालयात गेलो. तिथे ही गर्दी! कुणाचं गटार, कुणाचा शाळाप्रवेश, कुणाच्या नळाला पाणी नाही. भिंतीवर माझ्या फेट्याचा फलक लहान करून फ्रेममध्ये लावला होता.

"या काका! शंभर टक्केवाले काका आले! खुर्ची द्या काकांना!"

मी बसलो नाही. फेरविचाराचा अर्ज टेबलावर ठेवला. "दादा, तुम्ही विरोधात होतात. सही करा."

"होतोच विरोधात! छातीठोक सांगतो." त्यांनी छाती ठोकली. पेन मात्र खिशातच राहिलं. "पण काका, रेकॉर्ड काय म्हणतं? सर्वानुमते. आता मी विरोधात होतो असं लिहून दिलं, तर सभागृहाचं रेकॉर्ड खोटं पडेल. हा सभागृहाचा अपमान नाही का?"

"मग तुम्ही मंजूर म्हणालात?"

"छे, छे!"

"मग गप्प होतात?"

"गप्प कसा? सहा मिनिटं बोललो! तुम्ही ऐकलंत ना?"

"त्याच्या नंतरच्या चार सेकंदांत तुमचं तोंड काय करत होतं?"

दादांनी पंख्याकडे बघितलं. "त्या वेळी काका... वातावरण तसं होतं."

इतके दिवस माणसं शोधत होतो, वातावरणाचा रकाना माझ्या तक्त्यात नव्हता. आपण मूर्ख आहोत की ते हुशार आहेत, की दोन्ही, हे मला तिथल्या तिथे ठरवता येईना. अर्ज परत घ्यायला मी हात पुढे केला, तेवढ्यात सिसिलियाने टोपली धाडकन दादांच्या टेबलावर ठेवली. माठाची माती त्यांच्या काचेवर सांडली. ती लोकांकडे वळली आणि ओट्यावरून गिऱ्हाईक बोलावते तशी ओरडली :

"माझी मंडई ऱ्हायला पायजे! अनयदादानी सही करायची! मंजूर?"

"मंजूर!" अख्खं कार्यालय ओरडलं. गटारवाले, नळवाले, जिन्यात उभे होते तेसुद्धा. काहींना विषय काय तेही ठाऊक नसावं. सवयच अशी आहे, कुणी मंजूर विचारलं की आपण ओरडतो.

"मंजूर," सिसिलिया म्हणाली. "कर सही."

दादा उभे राहिले. चेहरा लाल. "असं कसं? असं कुठे असतं? नुसत्या आवाजावर काय ठरतं? कोण म्हणालं मंजूर? कोण कोण? नावं द्या मला!"

अख्खं कार्यालय दादांकडे वळलं. दादांना आपण काय बोललो ते कळायला दोन सेकंद लागले. कळलं तेव्हा ते बसले.

मी पिशवीतून वही काढली. सोसायटीचीच होती, मागे कोरी पानं होती. घाईत अक्षर वळणदार येईना.

"लिही," काशीराम म्हणाला. "काशीराम. तळमजलो. बाजून."

त्याच्या मागे एक नळवाल्या बाई आल्या. मग गटारवाले दोघे. रांग लागली. नाव, पत्ता, फोन, बाजूने की विरोधात. चौतीस माणसं होती. एकतीस बाजूने. दोघे विरोधात, त्यांच्याकडे गाड्या आहेत आणि त्यांना वाहनतळ हवाय, तसं त्यांनी तोंडावर सांगितलं; त्यांचीही नावं लिहिली आणि सिसिलियाने त्यांना शिव्या दिल्या, पण नावं खोडू दिली नाहीत. एक जण चहा आणायला गेला होता. 'चहा आणायला गेले होते' असं लिहिलं.

दादांनी सही केली नाही. "वर विचारून सांगतो," म्हणाले. वर म्हणजे तुम्ही.

आज बारा एप्रिल. सिसिलियाने कुर्ल्याचं संमतीपत्र भरलेलं नाही. तराजूखाली दुमडून ठेवलंय. पंधराला भरलं नाही तर कुर्लाही जाईल, भरलं तर बोरिवली गेली असं तिनेच लिहून दिल्यासारखं होईल. ती मला रोज विचारते, "काय करू?" आणि मी रोज तुमच्या टपालाची वाट बघतो. जयंती वकीलबाई अर्ज तयार ठेवून बसल्यात. विरोधात होता असा एक, फक्त एक माणूस हवा, ज्याचं नाव कुठेतरी लिहिलेलं आहे.

आमची चौतीस नावं, पत्ते आणि फोन नंबर सोबत जोडले आहेत. फोन करून खात्री करून घ्या, एकही माणूस उपाहारगृहात सापडणार नाही. आता तुमची एकेचाळीस पाठवा. प्रत्येकाच्या नावापुढे एकच शब्द पुरे. पंधरा तारखेच्या आत सांगा : त्या दिवशी 'मंजूर' कोण म्हणालं?